टायर आधी ठरवा, विकत शेवटी घ्या: घरी बांधलेल्या जुन्या ढंगाच्या स्पोर्ट्‌स कारसाठी

गोठ्यात कुटाराखाली दबलेली एखादी स्टँडर्ड हेराल्ड, फियाट किंवा जीप आजही विदर्भात सापडते. मग एखादा हौशी माणूस तिची चेसी बाहेर काढतो, गंज घासतो आणि त्यावर दोन सीटची, उघड्या टपाची, 1950-60 च्या वळणाची गाडी उभी करायला घेतो. इंजिन, गिअरबॉक्स, पत्रा, रंग यावर पारावर तासन्‌तास चर्चा होते. टायरचा विषय मात्र गाडी उभी राहिल्यावर निघतो. तोवर मडगार्ड वेल्ड झालेले असतात, रिम घेऊन झालेल्या असतात आणि त्यात बसणारा टायर दुकानात नसतो.

माझं म्हणणं एवढंच, की टायरचा साइज सगळ्यात आधी ठरवा आणि टायर सगळ्यात शेवटी विकत घ्या. गावातल्या प्रोजेक्टला दोन-चार वर्षं सहज लागतात. पहिल्या दिवशी नवे टायर आणून शेडमध्ये ठेवले, तर गाडी रस्त्यावर येईपर्यंत त्यांचं अर्धं आयुष्य संपलेलं असतं. पण साइज ठरलेला नसेल, तर रिमची रुंदी, मडगार्डची जागा, गाडीची उंची, स्पीडोमीटर यातलं काहीच नीट ठरत नाही.

हा लेख मुख्यतः हेराल्डच्या चेसीवर गाडी बांधणाऱ्यांसाठी आहे. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने 1961 पासून ही गाडी आपल्याकडे बनवली. इंग्लंडच्या ट्रायम्फ कंपनीची स्पिटफायर ही स्पोर्ट्‌स कार तिच्याच घराण्यातली आहे. हेराल्डला वेगळी चेसी असल्यामुळे जुनी बॉडी उतरवून नवी चढवता येते आणि म्हणूनच घरगुती बांधणाऱ्यांचा तिच्यावर जीव. फियाट किंवा इतर गाडी असेल तर आकडे बदलतील, रीत तीच राहील.

कागद आधी बघून घ्या

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 म्हणतं, की आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल परस्पर करता येत नाही. बॉडीच बदलायची असेल तर पत्रा कापण्याआधी आरटीओत जाऊन बोला. 2021 च्या नियमांनी विंटेज गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेचा वेगळा नंबर मिळायला लागला आहे, पण त्यासाठी पहिली नोंदणी होऊन 50 वर्षं उलटलेली हवीत आणि गाडी मूळ रूपात हवी. चेसी, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार केलेली गाडी त्यात बसत नाही. घरी बांधलेली स्पोर्ट्‌स कार दिसायला कितीही जुनी असली तरी कागदावर ती विंटेज नव्हे. टायर निवडताना याचा एक उपयोग आहे. गाडी मूळ रूपातच ठेवणार असाल तर मूळ साइजला धरून राहा. आपली रचना करणार असाल तर जवळच्या बाजारात मिळणारा टायर निवडायला तुम्ही मोकळे आहात.

टायरवरची अक्षरं वाचायला शिका

155/80 R13 79T असं लिहिलेलं असलं, की टायरची रुंदी 155 मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या 80 टक्के म्हणजे 124 मिलिमीटर, बांधणी रेडियल आणि रिम 13 इंची. 79 हा भाराचा आकडा, त्याचा अर्थ एका टायरवर जास्तीत जास्त 437 किलो. T म्हणजे ताशी 190 किलोमीटरपर्यंत चालणारा.

उंची काढायची ती अशी: 13 इंच म्हणजे 330 मिलिमीटर, त्यात दोन भिंतींचे 248 मिळवले की 578. हा आकडा वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, पुढे सारखा लागेल.

जुन्या गाड्यांच्या पुस्तकात 5.20-13 किंवा 5.90-15 असं लिहिलेलं असतं. हे क्रॉसप्लाय टायरांचे, म्हणजे आतले धागे तिरपे, एकमेकांवर आडवे घातलेल्या, रेडियलच्या आधीच्या बांधणीच्या टायरांचे साइज. पहिला आकडा रुंदीचा, इंचात, दुसरा रिमचा. भिंतीची उंची लिहीत नसत, ती रुंदीइतकीच किंवा किंचित कमी धरायची. हेराल्डला मूळ 5.20-13 होते, म्हणजे उंची साधारण 580 मिलिमीटरच्या घरात. वरच्या 578 च्या शेजारी ठेवून बघा, म्हणजे आपलं काम किती सोपं झालं ते कळेल. 155/80 R13 हा सुरुवातीच्या क्विडचा आणि आय-टेनचा साइज. साठ वर्षांपूर्वीच्या इंग्रजी स्पोर्ट्‌स कारला उंचीने बरोबर बसणारा टायर आजही साध्या हॅचबॅकसाठी बनतो, ही घरगुती बांधणाऱ्याची मोठी सोय.

आकडे जुळतात, टायर जुळत नाही

खेड्यात राहून हे काम करताना एक धोका आहे, जो शहरातल्या माणसाला सहसा भेटत नाही. आपल्या आजूबाजूला जुन्या मापांचे टायर भरपूर पडलेले असतात, फक्त ते दुसऱ्याच कामाचे असतात.

जग्वार एक्सके 120 या जुन्या इंग्रजी स्पोर्ट्‌स कारला 6.00-16 साइजचे टायर होते. गावातल्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांवर बघा, तिथेही 6.00-16 च लिहिलेलं सापडेल. पण त्याच्या तीन उभ्या धारा नांगरलेल्या मातीत वळण धरण्यासाठी आहेत. त्याच्यावर ए-6 किंवा ए-8 असं वेगाचं चिन्ह असेल, तर मर्यादा ताशी 30 किंवा 40 किलोमीटर. जुन्या जीपचा 6.00-16 वेगळा. तो रस्त्याचा टायर आहे, पण भिंत जाड, दणकट आणि हलक्या गाडीला फार कडक.

एमजी टीसी या तशाच जुन्या गाडीला तारांची 19 इंची चाकं आणि 4.50-19 चे टायर. आपल्याकडे 19 इंची टायर बंडीचे मिळतात. त्यांच्यावर एडीव्ही अशी अक्षरं असतात, म्हणजे जनावरं ओढतात त्या वाहनासाठी. ते बैलाच्या चालीसाठी बनवलेले आहेत. बुलेटचे 19 इंची टायरही काहींना मोहात पाडतात, कारण बारीक आणि उंच चाक जुन्या गाडीला फार शोभतं. मोटरसायकल वळणावर कलते म्हणून तिच्या टायरचा माथा गोल असतो. कार कलत नाही, तिला सपाट माथा लागतो. गोल माथ्याच्या टायरचा जमिनीला लागणारा भाग चिंचोळा, आणि बाजूने येणारा जोर पेलायची त्याची तयारी नसते.

याच रांगेतला शेवटचा म्हणजे छोट्या टेम्पोचा एलटी (लाइट ट्रक) टायर. तालुक्याच्या दुकानात हलक्या गाडीसाठी टायर मागितला की दुकानदार आपुलकीने तोच पुढे करतो. “भाऊ, हा घेऊन जा, टनभर माल भरला तरी फुटत नाई. कारचा टायर आपल्या रोडवर टिकते का?” त्याचं खोटं नाही. पण आपल्या गाडीत टनभर माल नसतो, दोन माणसं आणि एक पिशवी असते. एवढ्या कमी भाराखाली एलटीची भिंत दबतच नाही. चाक रस्त्याला चिकटून राहण्याऐवजी खड्ड्याखड्ड्यावर उसळतं आणि ओल्या डांबरावर ब्रेक मारला की घसरतं. भाराचा आकडा जितका मोठा तितका टायर चांगला, हा समज हलक्या गाडीला लागू होत नाही.

गाडीचं वजन काढा, अंदाज नको

टायरवर किती भार येणार हे कळल्याशिवाय दुकानात जाऊ नका. जिनिंगचा मोठा वजनकाटा जवळ असतो, पण तो भरलेल्या ट्रकसाठी. त्याच्यावर पाच-दहा किलोचा फरक दिसत नाही. आपल्या कामाला त्यापेक्षा खेडा खरेदीवाल्यांचे कापूस तोलायचे इलेक्ट्रॉनिक काटे बरे. 300 किलो क्षमतेचा प्लॅटफॉर्म काटा गावात कोणाकडे तरी असतोच आणि हंगाम संपल्यावर तो रिकामा पडून असतो.

दोन काटे मिळाले तर पुढच्या दोन चाकांखाली ठेवा आणि मागच्या चाकांखाली तेवढ्याच उंचीच्या लाकडी फळ्या घाला. गाडी पाणसळीत हवी, नाहीतर वजन एका बाजूला सरकतं. हँडब्रेक सोडा, स्टेअरिंग सरळ ठेवा, गाडी दोन-तीनदा दाबून सोडा म्हणजे सस्पेन्शन मोकळं बसेल. पेट्रोलची टाकी अर्धी भरलेली हवी आणि चालवणारा माणूस सीटवर हवा. शेजारच्या सीटवर तेवढ्याच वजनाचं बियाण्याचं किंवा खताचं पोतं चालतं. पुढचं वजन लिहिलं की काटे मागच्या चाकांखाली न्या. एकच काटा असेल तर एकेक चाक करत फिरा, बाकीच्या तिघांखाली फळ्या ठेवून.

समजा, माणसांसह गाडी 860 किलो भरली, पुढे 420 आणि मागे 440. मागच्या एका टायरवर 220 आले. खराब रस्त्यावर आदळणाऱ्या भारासाठी दीडपट धरा, म्हणजे 330. भाराचा आकडा 75 असेल तर टायर 387 किलो पेलतो, 79 असेल तर 437. दोन्ही पुरतात. 82 किंवा 85 च्या मागे लागायचं कारण उरत नाही.

वेगाच्या अक्षराचंही तसंच. समृद्धी महामार्गावर कारची मर्यादा ताशी 120 आहे आणि हेराल्डचं इंजिन त्याच्या फार पुढे जाणार नाही. T पुरेसा आहे. त्याच्या वरच्या वेगाच्या H साठी जादा पैसे मोजण्यापेक्षा ते चांगल्या ट्यूबवर आणि बॅलन्सिंगवर घाला.

रिम: सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात

जुन्या हेराल्डची रिम साडेतीन इंच रुंद. रुंदी मोजताना बाहेरची कड ते कड धरू नका. टायरची कडा जिथे टेकते त्या दोन आतल्या भिंतींमधलं अंतर म्हणजे रिमची रुंदी. बाहेरून मोजलं तर इंचभर जास्त भरतं आणि सगळं गणित चुकतं.

माझी शिफारस अशी. साडेतीन इंची मूळ रिम ठेवणार असाल तर 145/80 R13. साडेचार इंचीची सोय झाली तर 155/80 R13. पाच इंची असेल तर 175/70 R13 बसतो. तो पूर्वी एस्टीमला होता आणि उंची 575 मिलिमीटर, म्हणजे 155/80 च्या जवळपास सारखी. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की तो कांद्यासारखा फुगतो. माथ्याचा मधला भागच रस्त्याला लागतो आणि वळणावर भिंत लचकते. दिसायला दांडगा, चालवायला ढिला.

आता पीसीडी, म्हणजे बोल्टच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास. चार भोकांच्या रिमला समोरासमोरच्या भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजायचं. हेराल्ड, स्पिटफायरचा 95.25 मिलिमीटर आहे, जुन्या फियाटचा 98 आणि आजच्या बऱ्याच छोट्या गाड्यांचा 100. नुसत्या डोळ्यांनी हा फरक कळत नाही आणि भंगारवाला शपथेवर सांगतो की बसते. नट आवळले की रिम बसल्यासारखी वाटतेही. पण प्रत्येक स्टड किंचित वाकलेला राहतो, नट तिरपा टेकतो, आणि पन्नास-साठ किलोमीटरनंतर तो सैल होतो किंवा स्टड तुटतो. दोन मिलिमीटरचा फरकही चालवून घेऊ नका.

मग करायचं काय? स्पिटफायरच्या नंतरच्या मॉडेलची साडेचार इंची रिम मिळाली तर ती थेट बसते. हा सगळ्यात स्वच्छ मार्ग. दुसरा मार्ग म्हणजे हबवर जुन्या भोकांच्या मधोमध, 45 अंश फिरवून, नवी चार भोकं पाडायची. 95.25 आणि 100 एकमेकांच्या इतके जवळ आहेत की जुन्या जागेवर नवं भोक पाडताच येत नाही, दोन्ही एकात एक जातात. हे काम गावच्या ड्रिल मशीनवर करायचं नाही. नागपूरच्या हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीत डिव्हायडिंग हेड (काम नेमक्या अंशात फिरवून धरणारं साधन) असलेली वर्कशॉप आहेत, तिथे जा. आधी हबला तेवढी धातूची जाडी आहे का ते त्यांनाच तपासायला सांगा.

मधे जाड प्लेट घालून पीसीडी बदलणारे ॲडॉप्टर मी हेराल्डच्या मागच्या चाकांना सुचवणार नाही. चाक इंचभर बाहेर सरकलं की बेअरिंगवरचा आणि शाफ्टवरचा जोर वाढतो. या गाड्यांचा मागचा हाफ शाफ्ट हबजवळ तुटण्याबद्दल आधीच बदनाम आहे. रिम मधोमध कापून पट्टी वेल्ड करून रुंद करून देणारेही भेटतात. ट्रॉलीला चालेल. माणसं बसणाऱ्या गाडीला नको.

रिम पसंत पडली की हबवर लावून हाताने फिरवा आणि कडेजवळ एक खिळा स्थिर धरून फट बघा. फट दीड मिलिमीटरपेक्षा जास्त मागेपुढे होत असेल तर ती रिम वाकलेली आहे. बॅलन्सिंगने वाकडेपणा जात नाही.

मागचे टायर जाड नकोत

पुढे बारीक आणि मागे जाड टायर लावायची हौस फार जणांना असते. हेराल्डच्या बाबतीत ती महागात पडू शकते आणि त्याचं कारण मागच्या सस्पेन्शनमध्ये आहे.

हिच्या मागच्या चाकांचे दोन्ही शाफ्ट डिफरन्शियलपाशी झुलतात, याला स्विंग ॲक्सल म्हणतात. चाक वर गेलं की वरची बाजू आत कलते, खाली गेलं की खालची बाजू आत ओढली जाते. जोरात वळताना ॲक्सिलरेटर अचानक सोडला तर गाडीचा मागचा भाग उचलला जातो, बाहेरचं चाक पोटाखाली दुमडतं, टायर कडेवर उभा राहतो आणि मागची बाजू सटकते. टायरची पकड जितकी जास्त तितका हा उचलणारा जोर जास्त. साधा, माफक पकडीचा टायर आधी घसरायला लागतो आणि इशारा देतो. जाड, चिकट टायर शेवटपर्यंत धरून ठेवतो आणि मग एकदम सोडतो. ट्रायम्फनेच 1970 च्या स्पिटफायर मार्क 4 मध्ये मागचा पाटा बदलून हा दोष बराच कमी केला. तुमच्याकडे जुना पाटा असेल तर चारही टायर एकाच साइजचे, एकाच नक्षीचे घ्या. 145 किंवा 155 वर समाधान माना.

क्रॉसप्लाय आणि रेडियल एकत्र करायचेच नाहीत. नाइलाजाने दोन-चार किलोमीटर न्यायचीच वेळ आली, तर रेडियल मागे आणि क्रॉसप्लाय पुढे. उलटं कधीच नाही. एकाच ॲक्सलवर एक हा आणि एक तो, हे तर अजिबातच नको.

जुना ढंग हवा की जुना टायर?

मिशेलिनने रेडियल टायर 1940 च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आणला. पिरेलीचा चिंटुराटो त्यानंतर काही वर्षांत आला. म्हणजे 1960 नंतरच्या गाडीचा ढंग पकडत असाल तर रेडियल लावणं इतिहासाला सोडून नाही. या दोन्ही कंपन्या जुन्या नक्षीचे टायर अजूनही बनवतात आणि ते फार देखणे आहेत. पण ते मागवायला किती खटपट आहे याचा विचार करा. 2020 पासून नव्या टायरांची आयात परवान्याखाली आहे, शिवाय आपल्याकडे विक्रीच्या टायरला आयएसआय चिन्ह लागतं. त्यातला एक टायर दिग्रस-आर्णीच्या रस्त्यावर कापला गेला, तर त्याचा जोडीदार येईपर्यंत गाडी जॅकवर. प्रदर्शनात उभी करायची गाडी असेल तर जरूर घ्या. चालवायची असेल तर जिल्ह्याच्या गावात आज मागितला तर उद्या मिळेल तोच टायर.

ढंग नक्षीतून आणि भिंतीतून साधता येतो. चार उभ्या सरळ खाचा आणि बारीक आडव्या चिरा असलेली नक्षी जुन्या गाडीला जमते. बाणासारखी दिशा दाखवणारी नक्षी लगेच डोळ्यात खुपते. 80 ची उंच भिंत हे जुन्या गाडीचं खरं लक्षण. 60-65 चा चपटा टायर लावला की कितीही सुंदर मडगार्ड असो, चाक खेळण्यातलं दिसतं. 155/65 R13 ची उंची 532 मिलिमीटर, म्हणजे गाडी 23 मिलिमीटर खाली बसते आणि स्पीडोमीटर सुमारे नऊ टक्के जास्त वेग दाखवतो. गावच्या गतिरोधकांवर ते 23 मिलिमीटर सायलेन्सरला विचारून बघा.

भिंतीवरची पांढरी अक्षरं, पांढरे रबरी पट्टे आपल्या रस्त्यांवर आठवडाभर टिकतात. काळी माती चिकटली की ते कायमचे करडे.

खोटं चाक बनवून जागा मोजा

साइज ठरला, टायर अजून घेतलेला नाही. आता जुना, घासलेला, पण त्याच साइजचा टायर भंगारातून आणा आणि रिमवर चढवा. बांधणीभर गाडी यावरच उभी राहील. वेल्डिंगच्या ठिणग्या, सांडलेलं ऑइल, थिनर जे काय व्हायचं ते त्याचं होऊ द्या. घासलेला टायर नव्यापेक्षा दहा-बारा मिलिमीटर लहान असतो, एवढं मोजताना लक्षात ठेवा. टायर नाहीच मिळाला तर प्लायवूडची 578 मिलिमीटर व्यासाची दोन वर्तुळं कापून मध्ये 160 मिलिमीटरचे ठोकळे लावा.

स्प्रिंग किंवा पाटा काढून ठेवा आणि जॅकने चाक पूर्ण वर, पूर्ण खाली न्या. पुढच्या चाकाचं स्टेअरिंग दोन्ही टोकांना वळवून प्रत्येक अवस्थेत मोजा. आतल्या बाजूला चेसी, ब्रेक पाइप, ट्रॅक रॉडपासून किमान 15 मिलिमीटर हवेत. मडगार्डपासून पुस्तकं 25 मिलिमीटर सांगतात. मी विदर्भासाठी 40 सांगेन. पावसाळ्यात पांदणीतून पन्नास मीटर गेलं की काळ्या मातीचा थर टायरवर चढतो, मडगार्डमध्ये कोंबला जातो आणि चाक ब्रेक लागल्यासारखं जाम होतं. चाकाला लागून फिरणारे छोटे मडगार्ड लावणार असाल तर ते दोन बोल्टमध्ये सुटतील असे लावा.

विकत घेताना

गाडीचा रंग वाळला, ब्रेक लागले, आता दुकान. टायरच्या भिंतीवर चार आकडी तारखेचा कोड शोधा. 2325 म्हणजे 2025 सालचा तेविसावा आठवडा. काही वेळा तो एकाच बाजूला असतो, तेव्हा टायर उलटवून बघा. वर्षभराच्या आतला असेल तर उत्तम, दोन वर्षांपेक्षा जुना नको. चारही शक्यतो जवळपासच्या तारखांचे घ्या. आपली गाडी वर्षाला फार चालणार नाही, त्यामुळे नक्षी घासून टायर बाद होण्याआधी तो वयाने बाद होणार. सहा वर्षं झाली की नक्षी भरपूर दिसत असली तरी बदलायची तयारी ठेवा.

दुकानाबाहेर उन्हात रचलेल्या थप्पीतला टायर घेऊ नका. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, नागपूरकडे पारा 45-47 वर जातो आणि ते ऊन रबराला फटी पाडतं. भिंत अंगठ्याने वाकवून खाचेच्या बुडाशी बघा. केसासारख्या चिरा दिसल्या तर परत ठेवा. टायरवर तापमानाचा दर्जा ए, बी, सी असा लिहिलेला असेल तर आपल्याकडे ए किंवा बी. पुन्हा रबर चढवलेले किंवा खाचा कोरून ‘नवे’ केलेले टायर कितीही स्वस्त मिळाले तरी नको.

चढवताना

जुन्या रिमला टायरची कडा अडवून धरणारा आतला उंचवटा नसतो. त्यामुळे टायरवर ट्यूबलेस लिहिलेलं असलं तरी आत ट्यूब घाला, आणि तारांच्या चाकांना तर ट्यूबशिवाय पर्यायच नाही. ट्यूब रेडियलची आणि त्याच साइजची हवी. 12 ची ट्यूब ताणून 13 ला घालणारे कारागीर आहेत, त्यांच्याजवळ उभं राहूनच काम करून घ्या.

टायरच्या आत हात फिरवा. कारखान्याचं कागदी स्टिकर चिकटलेलं असतं, ते पूर्ण काढा. हलक्या गाडीत हवा कमी असते, ट्यूब आत थोडी हलते आणि स्टिकरची कडा ती घासून घासून भोक पाडते. बाहेर काटा नाही, खिळा नाही, तरी पंक्चर, अशा कोड्याचं उत्तर बऱ्याचदा तिथे असतं. रिमच्या आतला गंज घासून रंग द्या. तारांच्या चाकात तारांची टोकं घासून सपाट करा आणि त्यावर रबरी पट्टी घाला. ट्यूबला संगजिऱ्याची पूड लावा. कडांना साबणाचं पाणी लावा, ग्रीस किंवा डिझेल नको, त्याने रबर फुगतं.

बॅलन्सिंग मशीनवरच करा. तारांचं चाक मशीनवर बसवायला योग्य मापाचा कोन, म्हणजे शंकूच्या आकाराचा तुकडा लागतो, तो आहे का ते आधी फोनवर विचारा, नाहीतर अमरावतीपर्यंतची फेरी फुकट.

हवा

दुकानदार सवयीने 32-35 भरतो. आपल्या गाडीला ते फार होतात. स्विंग ॲक्सलच्या हलक्या गाडीला पुढे 20 ते 22 आणि मागे 24 ते 26 पीएसआय इथून सुरुवात करा. मागे जास्त ठेवायचं कारण वर सांगितलं तेच, मागची बाजू आधी सटकायला नको. मग टायरच्या माथ्यावर खडूची आडवी जाड रेघ ओढा, सरळ रस्त्यावर थोडं अंतर जा आणि उतरून बघा. मधला खडू गेला, कडांचा राहिला, तर हवा जास्त. कडांचा गेला तर कमी. एकेक पीएसआयने बदल करा. पंपावरच्या मीटरवर विसंबू नका, स्वतःचा गेज ठेवा.

हवा पहाटे, गाडी न हलवता तपासायची. 25 अंशांना भरलेले 28 पीएसआय 45 अंशांना नुसते उभ्या गाडीत जवळपास 31 होतात. म्हणून दुपारी मोजून ‘वाढली’ म्हणत काढू नका. काढली तर पहाटे टायर बसलेला सापडेल आणि कमी हवेचा टायरच उन्हात तापून फुटतो. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे द्यायची गरज नाही. साध्या हवेत तो 78 टक्के असतोच.

पहिले दोनशे किलोमीटर

नव्या टायरच्या माथ्यावर साच्यातला गुळगुळीत थर असतो. पहिले दीड-दोनशे किलोमीटर बेताने चालवा, पावसात तर विशेष. पन्नास किलोमीटर झाले की चाकांचे नट पुन्हा आवळा. नवा रंग दिलेल्या रिमवर नटाखालचा रंग दबतो आणि पकड सैल होते. नंतर नक्षीवर नजर ठेवा. कायद्याने ती 1.6 मिलिमीटरपर्यंत चालते, खाचेतल्या छोट्या उंचवट्यांपर्यंत माथा आला की ती मर्यादा गाठली. पूर्वेकडे गडचिरोली-भंडाऱ्याच्या पावसात हलक्या गाडीला 3 मिलिमीटरच्या खाली ठेवू नये, पाणी कापायला खाचच उरत नाही.

बाभळीचा काटा लागला तर ओढून काढायची घाई नको. तो बहुधा आत मोडतो, टोक राहून जातं आणि नवी ट्यूबही त्याच टोकावर जाते. पंक्चरवाल्याला टायर आतून हाताने, कापूस फिरवून तपासायला सांगा. अडकलेला धागा काटा दाखवतो.

गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर ॲक्सलखाली लाकडी ठोकळे द्या आणि चाकं जमिनीपासून उचला, नाहीतर टायरला सपाट डाग पडतो. वेल्डिंग मशीन आणि मोटरपंपाच्या शेजारी ठेवू नका, त्यांच्या ठिणगीतून निघणारा ओझोन रबराला तडे पाडतो. स्टेपनीही बाकीच्या चार टायरांइतकीच खरी समजा. तोच साइज, तीच तारीख, आणि तिचीही हवा महिन्यातून एकदा. तिची जागा आखताना 155 चं चाक डिकीत आडवं बसतं की उभं, हे त्या प्लायवूडच्या खोट्या चाकानेच बघून घ्या.